कर्बोदकं कमी केली, कॉफीचं काय?

हैदराबादेत नामपल्ली स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की पहिला मान चहाचा. मोअज्जम जाही मार्केटच्या दिशेनं चालत जा, नाहीतर रेड हिल्सला निलोफर हॉस्पिटलकडे वळा. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट टाळून पुढं जाणं अवघडच. हा चहा बंद भांड्यात दमावर ठेवलेल्या अर्काचा आणि आटवलेल्या दुधाचा, आणि बहुतेक ठिकाणी साखर आधीच पडलेली असते. बिनसाखरेचा मागितला तर उत्तर येतं, "शक्कर तो पैलेच डाल दिये, साब." चमचा उभा राहील इतक्या गोड चहाला या शहरात 'खडे चमचे की चाय' असं कौतुकाचं नावच आहे.

टिफिन सेंटरमधली फिल्टर कॉफी मात्र शेवटपर्यंत सुटी असते. काउंटरवरचा माणूस टंबलरमध्ये आधी साखर टाकतो, वर डिकॉक्शन ओततो, मग उकळतं दूध उंचावरून सोडतो. त्याचा हात साखरेच्या डब्याकडे जाण्याआधी बोललं की साखर टळते. ज्यांना डॉक्टरांनी 'शुगर वाढलीय' म्हणून सांगितलं आहे किंवा ज्यांनी वजनासाठी भात-पोळी कमी केली आहे, अशी बरीच मंडळी चहा सोडून कॉफीकडे वळतात ती या सोयीमुळे. वळल्यावर मात्र प्रश्नांची रांग लागते. दूध चालेल का? गूळ घातला तर? गोळी टाकावी की स्टीव्हिया? कॉफीत तूप घालतात ते खरं का? या सगळ्या प्रश्नांचा हा आढावा.

दोन आहारपद्धतींच्या मधला कप

हैदराबादच्या मराठी घरांत हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. १९५६ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे नांदेड, लातूर, परभणीशी इथल्या घरांची सोयरीक जुनी आणि येणंजाणं सततचं. महाराष्ट्रातून येणारे नातेवाईक सोबत 'दीक्षित डाएट' घेऊन येतात. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ही पद्धत मांडली आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना ती घराघरांत पोहोचवली. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मधे काही खायचं नाही. शेजारच्या तेलुगू घरात तेवढ्याच भक्तीनं वीरमाचनेनी रामकृष्ण यांचा आहार चाललेला असतो. त्यात भात-चपाती जवळपास बंद, रोज ठरावीक माप खोबरेल तेल, लिंबं आणि भरपूर पाणी.

दोन्हींना लोक सरसकट 'लो कार्ब' म्हणतात, पण त्यांचा हिशेब वेगळा आहे आणि कॉफीच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो. दीक्षितांच्या पद्धतीत मोजायचं ते इन्सुलिन किती वेळा स्रवतं हे. म्हणून दोन जेवणांच्या मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा किंवा पाव हिस्सा दुधाचा बिनसाखरेचा चहा, अशी मोजकीच मुभा. साखर, गूळ, मध, गोळी यातलं काही नाही. दुसऱ्या पद्धतीत मोजायचं ते कर्बोदकांचे ग्रॅम. वैद्यकीय लिखाणात दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं असली तर तो कमी कर्बोदकांचा आहार, आणि २० ते ५० ग्रॅमच्या आसपास उतरली तर कीटो. दुधाची कॉफी पहिल्या पद्धतीत 'मधेच खाल्लं' म्हणून अडते, दुसरीत 'ग्रॅम वाढले' म्हणून. आपण नेमकं काय मोजतोय हे आधी ठरवलं नाही, तर पुढचे सगळे सल्ले एकमेकांत गुंततात.

प्रश्न चार हौशी लोकांपुरता नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनं २०२३ मध्ये भारतात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीच्या पुढच्या विश्लेषणात भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं. त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, गव्हाचं पीठ आणि साखरेचा.

एका कपाचा हिशेब

काळ्या कॉफीत कर्बोदकं नसल्यात जमा. कपभर काळ्या कॉफीतून दोन-चार उष्मांक मिळतात, तेवढेच. म्हणजे कॉफी निर्दोष. जे काही आहे ते तिच्या सोबत्यांत.

आता मराठी घरातली कॉफी घ्या. सगळं दूध उकळायचं, त्यात इन्स्टंटची पूड, दोन चमचे साखर, वर किसलेलं जायफळ. दीडशे मिलिलिटर दुधात दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, साधारण ७ ग्रॅम. चमचाभर साखर सुमारे ५ ग्रॅम, दोन चमचे १० ग्रॅम. एकूण १७. असे दिवसाला तीन कप म्हणजे ५१ ग्रॅम. कीटो करणाऱ्याचा अख्ख्या दिवसाचा कोटा जेवणाच्या ताटावर बसण्याआधीच संपला.

टिफिन सेंटरच्या टंबलरमध्ये दूध कमी असतं, समजा ८० मिलिलिटर. तिथं लॅक्टोज ४ ग्रॅम. साखर न घालता पिणाऱ्याचा हिशेब तिथंच थांबतो. घरच्या कॉफीतली साखर काढली तर तीन कपांचे ५१ ग्रॅम २१ वर येतात. दूध निम्मं केलं तर १० च्या आसपास. साखरेनं ३० ग्रॅम वाचले, दुधानं आणखी १०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवायला सांगितलं. वरच्या तीन कपांनी ती मर्यादा एकट्यानंच ओलांडलेली असते.

दुधाबद्दलचे गैरसमज

सगळ्यात पसरलेला समज असा की साय काढलेलं दूध म्हणजे हलकं, म्हणून चालतं. वजनाचा हिशेब उष्मांकांत मांडला तर त्यात तथ्य आहे, पण साय काढल्यानं जातं ते स्निग्ध. साखर जागच्या जागी राहते. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्ध, फुल क्रीममध्ये ६ टक्के, लॅक्टोज दोन्हींत जवळजवळ सारखंच. कर्बोदकं मोजणाऱ्यानं टोन्ड दुधाची पिशवी आणून काही साधत नाही. दूध कमी घालूनच साधतं.

लॅक्टोज-फ्री दुधात लॅक्टोज फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं. पोट बिघडणाऱ्यांची सोय होते, कर्बोदकं तेवढीच राहतात आणि चव उलट गोड लागते. ओट दुधात धान्याचा स्टार्च विकरांनी फोडलेला असतो, त्यामुळे त्यातली कर्बोदकं गाईच्या दुधापेक्षा कमी नसतात, बऱ्याचदा जास्तच असतात. बिनसाखरेच्या बदामाच्या दुधात मात्र कपाला एखाद-दोन ग्रॅमच. साय किंवा क्रीम चमचाभर घातलं तर कर्बोदकं एक ग्रॅमच्या आत राहतात. काळ्या कॉफीचा कडकपणा जायला तो चमचा पुरतो.

दुधाचं आणखी एक अंग आहे. त्यातलं व्हे प्रथिन इन्सुलिनला चांगलंच चाळवतं. रक्तातली साखर फारशी चढत नाही, इन्सुलिन मात्र तिच्या मानानं बरंच जास्त वाढतं. म्हणूनच 'मधे काही नको' या पद्धतीत दुधावर बंधन येतं. नुसते ग्रॅम मोजणाऱ्याला त्याची तेवढी चिंता नाही.

ऑफिसातल्या मशीनची कॉफी आणि 'थ्री इन वन' पुड्या यांत साखर, दुधाची भुकटी आणि पुष्कळदा ग्लुकोज सिरप एकत्र असतं. तिथं 'साखर कमी' हा पर्यायच नाही. पुडीच्या मागचा तक्ता वाचला की निर्णय आपोआप होतो.

चिकोरी: विसरला जाणारा पाहुणा

दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीत बहुतेक वेळा चिकोरी असते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरीच्या मुळात इन्युलिन हा तंतुमय पदार्थ मुबलक. भाजताना त्याचा काही भाग साध्या शर्करांत मोडतो. कपात उतरणारी कर्बोदकं फार तर एखाद-दोन ग्रॅम, त्यामुळे तिला घाबरण्याचं कारण नाही.

तिचं खरं महत्त्व चवीत आहे. चिकोरीनं डिकॉक्शन दाट, काळं आणि कडू होतं. हे मिश्रण मुळात भरपूर दूध आणि दोन चमचे साखर गृहीत धरून बांधलेलं आहे. साखर काढली आणि पूड तीच ठेवली तर कप काढ्यासारखा लागतो आणि आठवड्यात माणूस परत साखरेवर येतो. 'मला बिनसाखरेची जमत नाही' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा खरा अडथळा पूड हा असतो. बिनसाखरेची प्यायची तर चिकोरी शून्य किंवा २० टक्क्यांच्या आत असलेली, अरेबिका जास्त असलेली, मध्यम भाजलेली पूड घ्यावी. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट आणि कडवटपणाही अधिक. आंध्रातल्या अरकू खोऱ्याच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशी कॉफी साखरेविना सहज जाते.

कृती साधी आहे. स्टीलच्या दुमजली फिल्टरमध्ये वरच्या भांड्यात तीन चमचे पूड, वर छत्री दाबून बसवायची, उकळी येऊन क्षणभर थांबलेलं पाणी ओतायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. पहिलं डिकॉक्शन ४० मिलिलिटर, गरम दूध तेवढंच, आणि जायफळ नखभर. जायफळ, वेलदोडा, दालचिनी यांच्या वासानं गोडाचा भास होतो. चिमटीच्या टोकावर मावेल एवढं मीठ कडवटपणा दाबतं. असा कप ३ ग्रॅमच्या आत बसतो.

गूळ, मध आणि खडीसाखर

या भागाला फार वेळ द्यायला नको. गूळ, मध, ब्राऊन शुगर, खडीसाखर, नारळाची साखर ही सगळी कर्बोदकंच. गुळात साखरेपेक्षा थोडी खनिजं जास्त असतात, पण चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य. 'गूळ चालतो' हे आपल्याकडे इतक्या विश्वासानं सांगितलं जातं की बिनसाखरेची म्हणून दिलेल्या कॉफीतही गूळ निघतो. कर्बोदकं मोजायची असतील तर गुळाला साखरेच्याच रकान्यात लिहावं.

गोळ्या, थेंब आणि स्टीव्हिया

आपल्याकडे सगळ्या कृत्रिम गोडव्यांना एकच नाव: शुगर फ्री. त्यातला पदार्थ वेगवेगळा असतो. सॅकरीन १८७९ पासून माहीत आहे. अॅस्पार्टेम १९६५ मध्ये सापडलं. ते साखरेच्या सुमारे २०० पट गोड. सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड, आणि त्याच्या शोधात एक फडणीस आहेत. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात १९७६ मध्ये प्रा. लेस्ली हफ यांच्या हाताखाली काम करणाऱ्या शशिकांत फडणीस यांना क्लोरीन जोडलेल्या साखरेची चाचणी घ्यायला सांगण्यात आलं. ते चाखायला सांगितलंय असं त्यांना ऐकू आलं. त्यांनी चाखली. पुढं जगभर खपणारा गोडवा त्यातून निघाला.

कॉफीपुरता व्यावहारिक फरक असा. अॅस्पार्टेम जास्त उकळलं की गोडी जाते, म्हणून गोळी कप उतरवल्यावर टाकावी. सुक्रालोज उष्णतेत टिकतं. स्टीव्हियाच्या पानातले घटक २०० ते ३०० पट गोड, भारतात २०१५ पासून खाद्यपदार्थांत परवानगी असलेले. मागे ज्येष्ठमधासारखी किंचित कडसर चव राहते आणि ती कॉफीच्या कडवटपणात बऱ्यापैकी लपते. एरिथ्रिटॉल साखरेच्या ७० टक्के गोड, उष्मांक जवळपास नाहीत, जिभेवर थंडावा देतं. माल्टिटॉलपासून मात्र सावध राहावं. 'शुगर फ्री' बिस्किटं-चॉकलेटांत ते असतं आणि रक्तातली साखर बऱ्यापैकी वाढवतं. गोळीत भरण म्हणून असणारं लॅक्टोज किरकोळ. पुड्यांमध्ये मात्र माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोजचं भरण ग्रॅमभर असू शकतं. दिवसाला सहा पुड्या फोडणाऱ्यानं ते मोजावं.

सुरक्षिततेचा वाद २०२३ मध्ये तापला. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नयेत अशी सशर्त शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, ही ओळ बातम्यांतून गळून पडली. जुलैमध्ये अॅस्पार्टेमची नोंद 'कर्करोगाची शक्यता, पुरावा मर्यादित' अशा गटात झाली. त्याच वेळी शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम ही रोजची मर्यादा कायम ठेवली गेली. साठ किलोच्या माणसाला ती २४०० मिलिग्रॅम होते. कॉफीतल्या एका गोळीत अॅस्पार्टेम वीस मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे चार-सहा गोळ्यांनी त्या मर्यादेच्या जवळही पोहोचता येत नाही. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी मात्र अॅस्पार्टेम पूर्ण टाळावं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार-पक्षाघात यांचा संबंध दाखवला. त्यातून कारण सिद्ध होत नाही, पण हृदयरोग्यानं रोज चमचे भरभरून ते घालू नये एवढं नक्की म्हणता येतं.

आपल्या सवयीच्या सगळ्यात जवळचा अभ्यास चेन्नईचा. मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशननं टाइप २ मधुमेह असलेल्या १७९ भारतीयांचा १२ आठवडे अभ्यास केला आणि २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटानं चहा-कॉफीतली साखर काढून सुक्रालोज घातलं, दुसऱ्यानं साखर चालू ठेवली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. वजन आणि कमरेचा घेर सुक्रालोजवाल्यांत किंचित उतरला. म्हणजे गोळीनं अपाय दिसला नाही, चमत्कारही नाही.

एक बारीक मुद्दा याला जोडायला हवा. येल विद्यापीठातल्या २०२० च्या एका छोट्या प्रयोगात नुसत्या सुक्रालोजनं इन्सुलिनच्या कामात बिघाड दिसला नाही. सुक्रालोज आणि कर्बोदक एकाच पेयात दिल्यावर मात्र दिसला. इस्रायलमधल्या २०२२ च्या प्रयोगात सॅकरीन आणि सुक्रालोजचा परिणाम माणसागणिक बदलला आणि त्याचा धागा आतड्यांतल्या जिवाणूंशी जुळला. हे शेवटचे शब्द नाहीत. तरी गोळीची कॉफी आणि सोबत मैदा-साखरेची बिस्किटं ही आपली आवडती जोडी संशयाला पात्र ठरते. बशीतल्या दोन बिस्किटांत जेवढी कर्बोदकं जातात तेवढी वाचवायला गोळी टाकलेली असते.

तुपाची कॉफी

कॉफीत लोणी किंवा तूप घुसळून पिण्याची टूम अमेरिकेतल्या डेव्ह अॅस्प्री यांनी तिबेटी लोणी-चहावरून उचलली आणि कीटोच्या लाटेबरोबर ती आपल्याकडे आली. कर्बोदकं शून्य हे खरं. पण दोन मोठे चमचे तूप म्हणजे दोनशेहून अधिक उष्मांक, तेही निम्म्याहून जास्त संपृक्त स्निग्धाचे. नाश्त्याऐवजी एक कप घेतला तर गोष्ट वेगळी. नाश्ता करून वर हा कप घेतला तर वजन वाढणारच. एलडीएल कोलेस्टेरॉल आधीच जास्त असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. न गाळता उकळलेल्या कॉफीतलं कॅफेस्टॉलही एलडीएल वाढवतं. कागदी फिल्टर ते अडवतो.

कॉफी स्वतः काय करते?

कॅफीननं थोड्या वेळापुरती इन्सुलिनची परिणामकारकता कमी होते, म्हणून काही मधुमेहींना काळ्या कॉफीनंतरही ग्लुकोमीटरवर आकडा चढलेला दिसतो. दीर्घ मुदतीचं चित्र उलट आहे. नेदरलँड्समधल्या २००२ च्या 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासापासून पुढं अनेक निरीक्षणांत नियमित कॉफी पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळला, आणि डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, पिणाऱ्यांतही. म्हणजे श्रेय कॅफीनचं नसून कॉफीतल्या इतर घटकांचं असावं. अमेरिकेतल्या २०२३ च्या एका मोठ्या विश्लेषणात रोज एक कप बिनसाखरेची कॉफी वाढवणाऱ्यांचं वजन चार वर्षांत सरासरी ०.१२ किलो कमी वाढलं, तर रोजच्या एका चमचा साखरेमागे ०.०९ किलो जास्त वाढलं. आकडे लहान आहेत, दिशा स्पष्ट आहे.

मर्यादेसाठी लांब जायला नको. याच शहरात तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांत कॅफीन दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. दीडशे मिलिलिटर ब्रू केलेल्या कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे फिल्टरचे दोन-तीन कप पुरेत. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, कारण टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं, हेही त्यात आहे. पंडुरोग घरोघरी असलेल्या आपल्या बायकांनी ही सूचना पाळावी. थायरॉइडची गोळी आणि कॉफी यांतही अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तेव्हा काळी कॉफीही नको.

औषधांची बाजू याहून गंभीर आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यानं डॉक्टरांना न सांगता कर्बोदकं एकदम तोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं घेत असताना कडक कीटो केला तर साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्लं साठण्याचा धोकादायक विकार) होऊ शकतो. भात सोडल्याच्या पहिल्या आठवड्यात शरीरातून पाणी आणि मीठ जास्त जातं, डोकं जड होतं. त्यावर कॉफीचा चौथा कप हा उपाय नाही, पाणी आणि चिमूटभर मीठ हा आहे.

मग काय करावं

लोक वाद घालतात तो गोळी की स्टीव्हिया यावर, आणि तो वाद एखाद्या ग्रॅमचा असतो. ज्याला कपाचं दूध निम्मं करता आलं, चिकोरी कमी असलेली पूड आणता आली आणि बशीतलं बिस्किट बाजूला ठेवता आलं, त्याला बदली गोडव्याची गरज पुष्कळदा उरत नाही. क्रम उलटा लावला, म्हणजे कप तोच ठेवून फक्त चमचा बदलला, तर जीभ गोडाचीच राहते आणि दुसऱ्या पदार्थांतून ती वसुली करते.

म्हणून साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्यानं उतरवावी, त्याच काळात पूड बदलावी, मग दुधाचं माप. मधुमेहीनं दिवसातून चार कप गोड पिण्याऐवजी गोळी घ्यावी, त्यात काही गैर नाही. तिला कायमचा मुक्काम देऊ नये एवढंच. दीक्षितांची पद्धत पाळणाऱ्यानं दुधाची कॉफी जेवणाच्या ५५ मिनिटांत बसवावी आणि लोहाची कमतरता असेल तर ती सोडावीच. शंका उरलीच तर घरातल्या ग्लुकोमीटरवर कपाआधी आणि कपानंतर तासाभरानं मोजावं, एकदा काळ्या कॉफीवर आणि एकदा आपल्या नेहमीच्या कपावर. या दोन आकड्यांतला फरक हा आपल्या कपाचा खरा हिशेब. कुणाच्या डाएटमध्ये काय लिहिलंय यापेक्षा त्यावर निर्णय घ्यावा आणि औषधांचं पुढं काय ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं.